आमची वाटचाल : आधी जुनी पॉलिसी बघू

इचलकरंजीत 2009 साली भाड्याच्या एका गाळ्यात आम्ही विमा एजन्सी सुरू केली. गिऱ्हाईक म्हणजे यंत्रमागवाले, सूत-कापडाची ने-आण करणारे टेंपोवाले आणि त्यांच्या घरची माणसं. आयुर्विम्यानं सुरुवात झाली, पुढे मेडिक्लेम आणि गाड्यांचं काम आलं.

धंद्याची रीत बदलली ती 2023 च्या पावसाळ्यात. एका टेंपोमालकाच्या गाडीखाली माणूस गेला होता. पॉलिसी त्यानं दुसरीकडून काढलेली, कागद बघायला म्हणून आमच्याकडे आणला. कंपनीचं नाव, गाडीचा नंबर, शिक्का, सगळं जागच्या जागी. कंपनीच्या साइटवर पॉलिसी नंबर टाकला. पॉलिसी निघाली, पण दुचाकीची! टेंपोच्याच नंबरावर कुणीतरी दुचाकीची थर्ड पार्टी (गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारी पॉलिसी) काढून पीडीएफमध्ये वाहनाचा प्रकार आणि रक्कम बदलली होती. 2022 च्या दरपत्रकात 75 च्या वर, दीडशे सीसीपर्यंतच्या साध्या दुचाकीचा हप्ता 714 रुपये आहे, तर साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा 16,049. मधले पैसे खिशात.

अशा गाडीला रस्त्यात कुणी अडवलं तरी नोंदीत विम्याची मुदत दिसते, त्यामुळे संशय येत नाही. अपघात झाला की मात्र कंपनी हात वर करते आणि मोटार अपघात न्यायाधिकरणानं ठरवलेली भरपाई मालकाच्या गळ्यात पडते. मालकाची ऐपत नसेल तर ज्यांचा कर्ता माणूस गेला, त्यांना हुकूम हातात असूनही पैशासाठी हेलपाटे मारावे लागतात. हप्ता चोरणाऱ्यानं दोन घरं बुडवलेली असतात. याची चीड मला आजही येते.

तेव्हापासून नवं गिऱ्हाईक आलं की आम्ही आधी त्याची जुनी पॉलिसी तपासतो, फुकट. चासी नंबर आरसीशी जुळवतो, वाहनाचा प्रकार कंपनीकडून खात्री करून घेतो.

मेडिक्लेमचा फॉर्म समोर बसवून, मराठीत वाचून दाखवूनच भरतो. बीपीची गोळी चालू असेल तर तसंच लिहितो. हप्ता वाढतो म्हणून काहीजण उठून जातात, जाऊ देत. ‘शुगर नाही’ असं परस्पर लिहिणारा एजंट क्लेमच्या वेळी फोन उचलत नाही, आणि सही तर गिऱ्हाइकाचीच असते. खोट्या बिलांचे क्लेम वाढले की कंपन्या खऱ्या आजाऱ्याचीही कसून चौकशी करतात. डिस्चार्ज मिळालेला पेशंट मंजुरीची वाट बघत कॉटवर बसून राहतो, हे आम्ही नेहमी बघतो.

पहिल्या हप्त्यात सूट आम्ही देत नाही. 1938 च्या विमा कायद्याचं कलम 41 ते करू देत नाही.

सध्या जास्त त्रास फोनचा आहे. ‘तुमच्या बंद पॉलिसीचा बोनस अडकलाय, आधी टॅक्स भरा’ असं निवृत्त माणसांना गाठून सांगतात, विमा नियामकाचं नाव घेतात. हा नियामक म्हणजे ‘आयआरडीएआय’ ही संस्था, ती ना पॉलिसी विकते, ना बोनस वाटते. असा फोन आला तर पैसे भरण्याआधी आम्हाला विचारा. भरले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. नवी पॉलिसी गळ्यात मारली असेल तर ती हातात पडल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. कंपनीनं तक्रार फेटाळली तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करायला फी नाही, तो लिहायला आम्ही मदत करतो.

येताना पॉलिसीसोबत आरसी आणि हप्त्याची पावती आणा. पावती नसेल तर पैसे कुणाच्या खात्यात गेले ते मोबाइलवर काढून ठेवा.