आवाज वाढवला की डग्गा गायब

आमच्या धंद्यात तक्रारी ठरलेल्या असतात. बास नाही, आवाज फाटतो, एका दारातला स्पीकर खरखरतो, रेस दिली की स्पीकरातून शिट्टी येते. ‘आवाज वाढवला की डग्गा गायब होतो’ ही तक्रार मात्र सांगलीत इतकी वर्षं कार ऑडिओचं दुकान चालवून मी पहिल्यांदाच ऐकली.

तक्रार घेऊन आलेले चाचा मिरजेचे, तानपुरे करणारे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काम यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. गाडी मुलाची. नवीकोरी एसयूव्ही, वॉरंटीतली. पोरानं दुसऱ्या एका दुकानातून पुढच्या दारांत साडेसहा इंची कॉम्पोनेंट (वरच्या सुरांचा ट्विटर वेगळा असलेले स्पीकर), मागे को-ॲक्सिअल (ट्विटर आतच असलेले) आणि ड्रायव्हर सीटखाली चार चॅनलचा ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, बसवून घेतला होता. सामान चांगलं होतं, बिलही त्याच मापाचं. तरी आवाज मनासारखा लागेना म्हणून ते परत गेले, तर ‘स्पीकर अजून मोकळे व्हायचेत’ असं उत्तर मिळालं. पुन्हा गेले, तेव्हा ‘बास ट्यूब टाका’, म्हणजे डिकीत बासचा वेगळा नळकांडी स्पीकर.

“स्पीकर मोकळे झाल्यावर आवाज बदलतो, पण तो सगळ्याच व्हॉल्यूमला बदलेल ना?” चाचा म्हणाले. “इथं हळू वाजवलं की डग्गा आहे, मोठं केलं की नाही.”

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. अर्धं निदान त्यातच होतं.

कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवला होता, आणि ते योग्यच होतं. रिव्हर्स कॅमेरा, एसीचं सेटिंग, स्टिअरिंगवरची बटणं, सगळं त्या स्क्रीनमध्ये गुंतलेलं. पूर्वी जुना टेप उपसून नवा बसवायला अर्धा तास लागायचा. हल्लीच्या गाडीत तो विषय काढला तरी मी आधी नको म्हणतो.

चाचांनी पेन ड्राइव्ह आणला होता. जुनं तबला सोलोचं रेकॉर्डिंग, विलंबित तीनताल. १२ व्हॉल्यूमला लावलं. डग्ग्यावर मनगट सरकतं तो घिस्सा स्वच्छ ऐकू आला. २५ वर नेलं आणि खरंच, तबल्याच्या कडेची चाट तेवढी टणटणत राहिली. डग्गा होता, पण पलीकडच्या खोलीत कुणी वाजवावा तसा. ३० वर तर कानाला टोचायला लागलं. पोरगा म्हणाला, “दादा, ॲम्प कमी पडत असेल.” मला तसं वाटेना. ॲम्प कमी पडला की आवाज फाटतो, असा सोलून निघत नाही.

स्टिरिओकडून येणारा सिग्नल मोजायचं ठरवलं. सीटखालचा कपलर उघडला. इथे एक सांगायला हवं, कारण घरी प्रयोग करणारे पुष्कळ आहेत. कंपनीच्या स्टिरिओतून स्पीकरला जाणाऱ्या दोन्ही वायरी जिवंत असतात. मायनस म्हणजे अर्थिंग नव्हे. इंजिन बंद आणि स्टिरिओ चालू असताना प्रत्येक वायरीवर बॉडीच्या मानाने सहा व्होल्टच्या आसपास डीसी दिसतो, बॅटरीच्या निम्मा. जुन्या सवयीने मायनस बॉडीला जोडला की आतल्या आयसीचा, म्हणजे चिपचा, जीव धोक्यात, आणि वॉरंटीही गेली. मी मीटर या दोन वायरींमध्येच लावतो, आणि स्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) वापरतो तोही बॅटरीवर चालणारा.

पेन ड्राइव्हवर माझ्याकडे टोन भरून ठेवलेले असतात. ६० हर्ट्‌झ आणि १००० हर्ट्‌झ, पहिला बासचा खालचा सूर, दुसरा बराच वरचा, दोन्ही एकाच पातळीवर रेकॉर्ड केलेले. १० व्हॉल्यूमला मीटरवर दोघांचा आकडा सारखा. १८ ला दोन्ही २ व्होल्ट. १९ पासून गंमत सुरू झाली. १००० हर्ट्‌झ प्रत्येक पायरीला चढत राहिला, ६० हर्ट्‌झ जागचा हलेना. ३० ला पोचलो तेव्हा १००० हर्ट्‌झ ६ व्होल्टवर आणि ६० हर्ट्‌झ अजून २ वरच. म्हणजे साडेनऊ डेसिबलचा फरक. डग्गा स्टिरिओतून बाहेरच पडत नव्हता, तर स्पीकर आणि ॲम्प काय करणार? बास ट्यूब लावली असती तर तिलाही हाच कापलेला सिग्नल मिळाला असता.

कंपनी असं का करते, हे पोरानं विचारलं. कारण सरळ आहे. दारात मुळात जे स्पीकर येतात ते कागदी कोनचे, छोट्या मॅग्नेटचे. मोठ्या आवाजात खालचा स्वर जोरात दिला की कोन मर्यादेबाहेर धावतो आणि फाटतो. स्पीकर फाटला की गाडी वॉरंटीत परत येते. म्हणून स्टिरिओच्या प्रोग्रॅममध्येच लिहिलेलं असतं की एका पायरीनंतर बास वाढवायचा नाही. त्यांच्या स्पीकरसाठी ते शहाणपणाचंच आहे. तुम्ही दारात दणकट स्पीकर बसवलेत, हे त्या स्टिरिओला कुठे माहीत?

स्टिरिओच्या खोक्यावरच्या ‘५० वॅट गुणिले ४’ वर विश्वास ठेवणाऱ्यांची मला गंमत वाटते. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात. त्यातून स्पीकरला फार तर नऊ-साडेनऊ व्होल्ट आरएमएस, म्हणजे मीटरवर दिसणारे परिणामी व्होल्ट, जातात. चार ओहमच्या स्पीकरवर हिशेब करा, वीस-बावीस वॅट येतात. बाकीचे वॅट खोक्यावरच राहतात.

मग पहिल्या दुकानात गडबड कुठे झाली? खरं सांगायचं तर त्यांनी जे केलं ते आमच्यात सगळेच करतात. स्टिरिओ तीन चतुर्थांश व्हॉल्यूमवर ठेवायचा आणि तिथे ॲम्पचा गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणारा स्क्रू, लावायचा. ४० पैकी ३०. बाजारातून घेऊन बसवलेल्या स्टिरिओला हा नियम बरोबर लागू पडतो. या गाडीत मात्र १८ ते ३० हा सगळा पट्टा बास कापलेला होता, आणि गेन कमी असल्यामुळे मनासारखा आवाज हवा तर त्याच पट्ट्यात जावं लागत होतं.

उपाय पुष्कळ आहेत. डीएसपी, म्हणजे सूर हवे तसे कमी-जास्त करणारा प्रोसेसर, घालता येतो, कापलेला बास परत भरून काढणारे प्रोसेसर मिळतात, स्टिरिओ एका आकड्यावर कायम ठेवून व्हॉल्यूमची वेगळी नॉब देता येते. पोरगा खर्चाला तयार होता. पण नॉब दिली की स्टिअरिंगवरची बटणं निकामी, आणि ती वाचवण्यासाठीच तर स्टिरिओ ठेवलेला. मी १८ वर थांबायचं ठरवलं. १८ पर्यंत सिग्नल सरळ आहे आणि २ व्होल्ट या ॲम्पच्या हाय लेव्हल इनपुटला (स्पीकरच्या वायरीतून सिग्नल घेणाऱ्या) पुरतात. गेन असा लावला की १८ ला ॲम्प त्याची पूर्ण स्वच्छ ताकद देईल, स्कोपवर लाटेचं डोकं सपाट होण्याच्या जरा अलीकडे. यात मी विकलं काहीच नाही, वापरला तो स्क्रू ड्रायव्हर.

डग्गा परत आला, पण त्याच्यासोबत दाराचा खडखडाटही आला. आत्तापर्यंत बासच नव्हता, त्यामुळे तो लपलेला. उजव्या दाराचं पॅड उघडलं तर आतला प्लास्टिकचा पडदा फाडून तसाच लोंबत ठेवलेला. यावर मी चिडतो. दाराच्या काचेवरून पावसाचं पाणी आत उतरतंच. पडदा ते गाडीच्या आतल्या बाजूला येऊ देत नाही. शिवाय दाराच्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. स्पीकरच्या मागची लाट तिथून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाते. डग्ग्याच्या पट्टीत हे सगळ्यात जास्त जाणवतं. भोकं शीटने बंद केली, बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलचं डॅम्पिंग (पत्र्याची थरथर मारणारी रबरी शीट) मारलं, पाणी जायच्या खालच्या फटी मोकळ्या ठेवल्या. इथे विकायचं ते विकलं.

तरी काहीतरी झिणझिणत होतं. मी टोन जनरेटरवर ३० हर्ट्‌झपासून हळूहळू वर निघालो. चाचा दाराशी उकिडवे बसले, दोन बोटं पॅडवर टेकवून. एका जागी ते म्हणाले, “थांबा. काळी एकचा खर्ज.” मी आकडा पाहिला. ६९ हर्ट्‌झ. काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, तानपुऱ्यात खर्जाची तार साधारण इथेच लागते. मला अंगावर काटा आला, त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. “रोज तेच तर करतो,” म्हणाले. बोटं सरकवत ते आतल्या हँडलच्या खाली आले. “इथं. धातू आहे, लाकडाचा आवाज नव्हे.” पॅड परत काढलं. लॉकची दांडी पत्र्याला लागत होती. फोमची पट्टी गुंडाळली, गप्प झाली. एकटा असतो तर ती दांडी शोधण्यात माझी दुपार गेली असती.

पॅड काढलेलंच होतं, तर बॉनेटही उघडलं. ॲम्पची मोठी वायर बॅटरीकडून थेट आत गेलेली, फ्यूज सीटखाली. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि आतल्या भागामधल्या पत्र्याच्या, भोकात रबरी ग्रोमेट (वायरीला कडेपासून वाचवणारी रिंग) नाही. त्या भोकाच्या कडेला वायर घासली, साल निघाली, की बॅटरीची सगळी ताकद पत्र्यातून वाहणार, आणि फ्यूज तर त्याच्या पलीकडे बसलेला. फ्यूज ॲम्पला वाचवण्यासाठी नसतो, वायरला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून वीतभर, फार तर दोन विती अंतरावर हवा. होल्डर पुढे आणला, ग्रोमेट घातलं. अर्थिंगच्या जागी पेंट न खरवडताच बोल्ट आवळला होता, तेही नीट केलं.

मग राहिल्या किरकोळ गोष्टी, ज्या खरं तर किरकोळ नसतात. गेन वाढला की स्टिरिओतून येणारं सगळंच मोठं होतं. रिव्हर्स टाकला तर सेन्सरची बीप कानाखाली वाजवल्यासारखी. ती सेटिंगमध्ये सगळ्यात खाली आणली. फोनचा आणि मॅपच्या बाईचा व्हॉल्यूम वेगळा असतो, तोही उतरवला. वेगाबरोबर आपोआप आवाज वाढवणारं सेटिंग बंद केलं, नाहीतर हायवेला ते गुपचूप १८ ची वेस ओलांडणार. गाणं थांबवल्यावर ट्विटरमध्ये अगदी बारीक सूं येते. गेनची ती किंमत आहे, इंजिन चालू झालं की ऐकू येत नाही. पोराला बजावलं, “आता १८ म्हणजे तुझे ४०. पंचवीसवर नेलंस तर ॲम्प फाटेल आणि पहिले जातील ते ट्विटर.”

“आणि मित्र बसले की?” त्यानं विचारलं.

“मित्रांना मागे बसव.”

चाचांनी १६ वर तोच तीनताल पुन्हा लावला, दारं बंद करून, एसीही बंद करून. बाहेर आल्यावर म्हणाले, “आता हात कळतो.” बास ट्यूबचं त्यांनी नावही काढलं नाही. पोरानं मात्र हळूच येऊन भाव विचारला. मी सांगितला, आणि घ्यायचीच असेल तर आधी डिकी मोजून ये म्हटलं.

पुढे त्याच मॉडेलची आणखी एक गाडी दुकानात आली. मी हसत हसत १८ लावायला गेलो आणि सवयीने आधी मीटर लावला. त्या गाडीत बास २२ पर्यंत सरळ होता. व्हेरियंट वेगळं होतं, सॉफ्टवेअरही नंतरचं. तेव्हापासून वहीत गाडीच्या नावापुढे सॉफ्टवेअरचा नंबरही लिहितो.