विमानातून टिपलेलं रॉकेट टेपवरून संगणकावर घेताना

श्रीहरिकोट्याचं उड्डाण चेन्नईच्या विमानातून मिनीडीव्हीवर (कॅमकॉर्डरच्या छोट्या डिजिटल टेपवर) टिपलेलं असेल, तर आधी टेप तपासा. साताऱ्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या टेपांना बुरशी धरते. गुंडाळीच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती टेप कॅमेऱ्यात घालूच नका. हेड (कॅमेऱ्यातला टेप वाचणारा भाग) घाण होतं आणि बुरशी पुढच्या चांगल्या टेपलाही लागते.

चांगली टेप एकदा पूर्ण पुढे नेऊन मागे गुंडाळा, मग फायरवायरनेच (डिजिटल चित्र जसंच्या तसं संगणकावर नेणाऱ्या वायरीने) उतरवा. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींतून घेतलं की चित्र मध्येच ॲनालॉग होऊन बारकावे जातात, आणि दुरून रॉकेट म्हणजे जेमतेम काही पिक्सेलांचा ठिपका! तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. मूळ फाइल तशीच जपा.

पाल या टीव्ही पद्धतीचं चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेल, इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे फील्डची), खालची फील्ड आधी. एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरमधल्या, फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवणाऱ्या ‘बीडब्ल्यूडिफ’ फिल्टरने सेकंदाला ५० फ्रेम काढा. फील्डचा क्रम उलटा लागला तर ठिपका पुढे-मागे थरथरतो. स्थिरीकरण (हाताची थरथर काढणं) त्यानंतरच, तेही खिडकीची चौकट कापून. नाहीतर सॉफ्टवेअर चौकटीलाच धरून बसतं आणि रॉकेट उड्या मारतं. पांढरीफटक झालेली ज्वाला मात्र कशानेही सुधारत नाही, एक्स्पोजर चित्रीकरणातच हाताने उतरवावं लागतं.