तुम्ही विचारलंत म्हणून: फिश, सेव्हन आणि ओन्ली

सुझौहून परत येऊन इतकी वर्षं झाली, तरी हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी विषय काढतंच. "अहो वहिनी, तुमच्या त्या चिनी वर्गात खरंच फिश नावाचा मुलगा होता?" आणि त्याला जोडूनच, "मग तुम्ही शिक्षिका असून त्याला सांगितलं नाहीत, की असं नाव नसतं म्हणून?"

होता हो. फिश होता, सेव्हन होती, दोन ॲपल होत्या, एक इको होती आणि 54 वर्षांचे टायगर होते. टायगर पहिल्या बाकावर बसून माझा शब्दन् शब्द उतरवून घ्यायचे. शांघायजवळच्या या शहरात नवऱ्याची तीन वर्षांसाठी बदली झाली होती. घरात बसून जीव कंटाळला, म्हणून मी एका खासगी क्लासमध्ये संध्याकाळी इंग्रजी संभाषण शिकवायला लागले. पहिल्या दिवशी हजेरी घेताना मीही ओठ चावून हसू दाबलं होतं, हे कबूल करते.

बऱ्याच जणांना पहिलं इंग्रजी नाव शाळेत मिळतं. 2001 साली तिथल्या शिक्षण मंत्रालयाने तिसरीपासून इंग्रजी सुरू करायचं ठरवलं. वर्ग मोठे, बाईंना घाई, मग पुस्तकातली नावं वाटून टाकायची. 1990च्या दशकातल्या पाठ्यपुस्तकात लूसी आणि लिली या जुळ्या बहिणी होत्या, त्यामुळे त्या पिढीत लूसी-लिली पैशाला पासरी. पुढे नोकरी लागते, परदेशी साहेबाच्या तोंडात चिनी नाव बसत नाही, आणि माणूस या खेपेला स्वतःच नवं नाव शोधायला निघतो. खरी गंमत तिथून पुढे.

आपल्याकडे नाव निवडतात. नक्षत्रावरून अक्षर निघतं, आत्या दोन-चार सुचवते, कुठे आजोबांचं नाव नातवाला लागतं. पण ती नावं आधीपासून असतातच. चिनी आईबाप नाव जुळवतात. आडनावं तिथे मोजकी: वांग, ली, झांग, लिऊ आणि चेन या पाचांतच देशातली जवळपास 30 टक्के माणसं बसतात. 'सामान्य जनता' याला शब्दच 'लाओपाइशिंग', म्हणजे 'जुनी शंभर आडनावं'. मग सगळी हौस पुढच्या एक-दोन अक्षरांत भागवायची, आणि तिथे भाषेतलं कुठलंही अर्थपूर्ण अक्षर चालतं. 1949च्या आसपास जन्मलेल्या कितीतरी मुलांचं नाव 'ज्येनग्वो', म्हणजे देशउभारणी. वडीलधाऱ्यांचं नाव मात्र ठेवायचं नाही, तो त्यांचा अपमान. थांग राजवटीत ली शिमिन या सम्राटाच्या नावातलं 'मिन' उच्चारावं लागू नये म्हणून एका अख्ख्या सरकारी खात्याचं नाव बदललं होतं. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आपल्या आज्यांना हे लगेच पटलं असतं. आणि खेड्यापाड्यांत पोराला 'गोउशेंग' म्हणायचे, म्हणजे 'कुत्र्याने उरवलेला', का तर वाईट शक्तींचा डोळा पडू नये. आपला धोंडू तरी दुसरं काय असतो?

अशा माणसाला 'इंग्रजी नाव घे' म्हटलं तर तो काय करणार? बरा अर्थ असलेला, कानाला बरा लागणारा शब्द उचलणार. पीटरचा अर्थ विचारला तर साहेबच डोकं खाजवतो, असलं पोकळ नाव घेऊन करायचं काय!

फिशचंच घ्या. त्याचं आडनाव यू. त्या अक्षराचा अर्थ 'शिल्लक', आणि माशालाही 'यू'च म्हणतात. नववर्षाच्या जेवणात अख्खा मासा मांडून थोडा मुद्दाम उरवतात तो याच श्लेषावर, दर वर्षी गाठीला काही उरू दे म्हणून. आमचा फिश हिशेबनीस होता, हे सांगायलाच हवं. 'टेन्सेंट' या चिनी इंटरनेट कंपनीचे मा हुआतेंग जगभर पोनी मा म्हणून ओळखले जातात, तीही हीच करामत. 'मा' म्हणजे घोडा. सेव्हनच्या नावात 'ची' होतं, जेड रत्नाच्या अर्थाचं, आणि सातालाही 'ची'. कोको, योयो, किकी यांचं गुपित आणखी सोपं: लाडाचं नाव तिथे दुहेरी असतं, आपल्या सोनूसारखं नाही तर थेट फानफान, थिंगथिंग. इको मात्र नाद म्हणून सुचलेली नाही. तैवानची लेखिका सानमाओ (1943–1991) हिचं इंग्रजी नाव इको होतं. सहारात संसार थाटणाऱ्या त्या बाईवर चिनी मुलींच्या पिढ्या फिदा आहेत.

आमच्याच क्लासमधल्या एका अमेरिकन शिक्षकाला कँडी, चेरी ही नावं घेताना हसू आवरायचं नाही. त्याच्या देशात ती म्हणे नाचणाऱ्या बायकांची नावं. पण स्वतः तो 'Zeng' आडनावाच्या एका मुलीला वर्षभर 'झेंग' म्हणत राहिला. इंग्रजी स्पेलिंगमधला तो झेड म्हणजे अगदी आपल्या 'चांगलं'मधला च आहे. मी पहिल्या दिवशी 'चंग' म्हटलं तर पोरगी खुर्चीतून उडाली. मराठी आल्याचा मला परदेशात झालेला हा एवढाच फायदा.

आता 'सांगितलं नाहीत का'बद्दल. एकदा सांगितलं होतं.

ओन्ली एका कारखान्यात माल तपासायच्या विभागात होती. मोजकं बोलायची. एक दिवस तिला थांबवून म्हटलं, "बाळा, हे नाव नसतं. मुलाखतीला हसतील. ऑलिव्हिया घे, सुरुवात जवळपास तीच आहे." ती "थँक यू, टीचर" म्हणाली आणि मी लाल पेनाने हजेरीतलं नाव बदललं. चिनीत 'व्ह' नाही. त्यामुळे स्वतःची ओळख करून देताना ती दर वेळी त्या 'व्हि'पाशी यायची, थबकायची, ओठ जुळवायची आणि तिथेच ठेच लागायची. पंधरा दिवसांनी सहीच्या कागदावर पुन्हा 'ओन्ली'. तीही काही बोलली नाही, मीही नाही.

शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला ती मूनकेकचा डबा घेऊन आली. डब्यावर तिने चिनीत नाव लिहिलं होतं. सेव्हनने वाचून दाखवलं: "वेईयी." अर्थ विचारला, तर म्हणाली, "ओन्ली वन, टीचर." एकच मूल होऊ द्यायच्या काळातली मुलगी, वडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव. ते मी लाल पेनाने खोडलं होतं. त्यानंतर मी कुणाच्या नावाला हात लावला नाही.

त्याच दिवशी वर्गाने मला विचारलं, "टीचर, तुमचं इंग्रजी नाव काय?" नाही म्हटलं तर कुणाला खरंच वाटेना. मग मी त्यांना माझी कथा सांगितली: जन्माची मी शुभांगी. लग्नात तबकात तांदूळ पसरले, त्यात अंगठीने 'माधवी' लिहिलं, पेढे वाटले, झालं. चीनमध्ये बायका लग्नानंतर आडनावसुद्धा बदलत नाहीत. वर्ग गप्प. सेव्हनने विचारलं, "तुम्हाला विचारलं होतं?"

"नाही. सासूबाईंनी ठरवलं होतं."

मग कुणीतरी विषय बदलायला माझं गाव विचारलं. सोलापूर म्हटल्याबरोबर टायगर ताडकन उभे राहिले. "के दीहुआ!" टायगर मूळचे हबेई प्रांतातल्या शिज्याच्वांगचे. के दीहुआ, म्हणजे आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी त्याच शहरात आहे, शाळेतून त्यांना तिथे फुलं वाहायला न्यायचे. 1938 साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांत कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पाचही जणांनी चिनी नावं घेतली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी एकच अक्षर ठेवलं: 'हुआ', म्हणजे चीन. कोटणीसांच्या मुलाचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत. तो काही महिन्यांचा असतानाच, डिसेंबर 1942 मध्ये, ते गेले. त्यांच्याच सोलापुरात वाढलेल्या मला त्यांचं हे दुसरं नाव एका 54 वर्षांच्या टायगरकडून कळलं.

"तुम्हालाही नाव हवं," टायगरनी जाहीर केलं, आणि त्या दिवशीचा धडा तिथेच संपला. आडनाव 'मा' यावर एकमत झालं, घोडा शुभ. फिश मागून "पोनी टीचर!" ओरडला, त्याला गप्प केलं. 'द' सद्गुणाचं, यावरही फार वाद नाही. भांडण लागलं 'वेई'वरून. टायगरनी फळ्यावर 'दरारा' या अर्थाचं वेई लिहिलं. दोन्ही ॲपल म्हणाल्या, हे पुरुषी दिसतं. इकोने ते पुसून दुसरं लिहिलं, अर्थ 'किंचित, सूक्ष्म'. सेव्हन म्हणाली, टीचर काही किंचित नाहीत. हे माझ्या वजनावरून होतं की काय, मला अजून शंका आहे. पाऊण तास तावातावाने चिनीत चाललं होतं आणि मी माझ्याच टेबलाशी पाहुणीसारखी बसले होते.

शेवटी ओन्ली उठली. इकोने लिहिलेल्या अक्षराच्या डोक्यावर तिने एक आडवी रेघ आणि दोन छोट्या उभ्या रेघा ओढल्या. ते गवताचं चिन्ह. त्याने 'किंचित'चं एक रानरोप झालं, गुलाबाच्या चिनी नावात येतं तेच अक्षर. मा दवेई. माधवी.

मग खडू हातात तसाच धरून ती वळली आणि म्हणाली, "टीचर, चालेल?"