घर आणि ऑफिस रंगवून घेताना

मागच्या वेळी रंग दिला आणि सहा महिन्यांत बेडरूमच्या भिंतीचे पोपडे निघाले. बाथरूमला लागून असलेली ती भिंत. रंगाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "रंग तुम्हीच आणला होता." म्हणून या खेपेला घर आणि माझं छोटं ऑफिस असं दोन्ही काढलं, तेव्हा दर विचारायच्या आधी ओळखीतल्यांच्या भिंती बघितल्या. काम होऊन निदान एक पावसाळा गेलेल्या. तिथूनच तीन नंबर मिळाले.

पहिल्या दोघांनी दारातूनच नजर फिरवून अंदाजाने माप धरलं आणि दर लिहून दिला. तिसऱ्याने भिंतीवरून ओला हात फिरवला, तळव्याला पांढरी भुकटी लागली. मग बोटाच्या पेराने ठोकत गेला. एका जागी आवाज पोकळ आला. "ताई, इथलं प्लास्टर सुटलंय. आणि आधी ओलीचं बघा, नाहीतर कितीही भारी रंग आणा, टिकायचा नाही." हातभर प्लास्टिकचा तुकडा त्याने चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून भिंतीवर बसवला आणि 24 तासांनी बघायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला बारीक थेंब होते. बाहेरच्या बाजूला असते तर हवेतला ओलावा म्हणता आला असता. ही ओल भिंतीतलीच होती. काम त्यालाच द्यायचं, हे माझं तिथेच ठरलं.

प्लंबर बोलावून पाइपचा गळका जोड बदलला. भिंत सुकायला तीन आठवडे गेले. तेवढे दिवस थांबणं जिवावर आलं होतं, पण प्लास्टिक कोरडं निघेपर्यंत रंगाऱ्याने डबा उघडला नाही.

मापं टेपने, माझ्यासमोर घेतली. 10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट: चार भिंती 440 आणि छत 120, एकूण 560 चौरस फूट. दार-खिडकी वजा करून 523. त्या पहिल्या दोघांतल्या एकाच्या कागदावर याच खोलीचे 700 होते! दर कमी दिसतो तो कधीकधी असा मापात भरून निघतो, त्यामुळे माप स्वतः घेतल्याशिवाय दोन दरांची तुलना करू नका.

मग सगळं लिहून घेतलं: किती खरवडायचं, पुट्टीचे आणि रंगाचे किती हात, प्रायमर कुठला, सामान कोण आणणार, झाकणार कोण, साफसफाई कोणाची. दारांवरच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून ती कोरडी न घासता पाणी लावून घासायची, हेही त्यात घातलं. घरात लहान मूल आहे.

ऑफिसचं काम शनिवार संध्याकाळ ते रविवार रात्र असं बसवलं. पुट्टी घासताना उडणारी धूळ फार बारीक असते, कुठेही शिरते. कॉम्प्युटर नुसते झाकून भागत नाही, ते दुसऱ्या खोलीत हलवले.

शेवटचा हप्ता द्यायच्या आधी रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला टेकवून तिरका धरला. दिवसा गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीवर दोन ठिकाणी पुट्टीचे उंचवटे उठून दिसले. रंगाऱ्याने कुरकुर न करता ते घासले आणि ती अख्खी भिंत पुन्हा एक हात मारून दिली, कारण तुकड्यापुरता रंग लावला की डाग दिसतो. उरलेल्या डब्यांवर शेडचा कोड, बॅच नंबर आणि खोलीचं नाव मार्करने लिहून ते माळ्यावर ठेवलेत.