उंबराच्या आत

खोडाला लगडलेले, पिकायला आलेले एक उंबर शेजारच्या लहान मुलीने आज सकाळी फोडले आणि आतून काही बारीक माश्या उडताच तिने विचारले, "याला बाहेरून भोक नव्हते, मग या आत शिरल्या कुठून?"

हा प्रश्न दिवसभर डोक्यात राहिल्यामुळे संध्याकाळी वाचायला बसलो. आपण ज्याला फळ म्हणतो तो खरे तर आतल्या बाजूला उमलणाऱ्या असंख्य सूक्ष्म फुलांचा बंद गुच्छ असतो आणि त्याच्या टोकाशी खवल्यांनी झाकलेले एक अत्यंत अरुंद तोंड असते. त्यातून आत घुसताना या माश्यांमधल्या मादीचे पंख बहुधा तुटतात. सोबत आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते.

पुढच्या पिढीतले नर बिनपंखी असतात. मीलनानंतर ते माद्यांसाठी बाहेर जाण्याचा बोगदा कोरतात, आणि त्यांचे आयुष्य तिथेच संपते. (हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला.) पराग घेऊन निघालेल्या मादीकडे मात्र जेमतेम एक-दोन दिवस असतात आणि तेवढ्यात तिला योग्य अवस्थेतली उंबरे लागलेले झाड गाठावे लागते, म्हणूनच परिसरात एकटेदुकटे झाड असून भागत नाही.

दत्तगुरूंचे स्थान म्हणून औदुंबरावर कुऱ्हाड चालवायला लोक अजूनही कचरतात, ही या माश्यांच्या दृष्टीने मोठीच सोय म्हणायची. तुमच्या भागात रस्तारुंदीनंतर किती उंबर उरले आहेत?