नव्या गाळ्यात हवेची लाइन टाकताना

वागळे इस्टेटमधला भाड्याचा गाळा सोडून रबाळे एमआयडीसीत स्वतःच्या जागेत जायचं ठरलं, तेव्हा मशिनं कशी हलवायची, महावितरणकडून किती लोड मागायचा यावर चिकार बैठका झाल्या. मशिनांना लागणाऱ्या दाबाच्या हवेवर एकही नाही. ‘जुना कॉम्प्रेसर आहेच की, नेऊन ठेवू कोपऱ्यात,’ एवढ्यावर शेठनी विषय मिटवला होता. आमचं काम मसाले आणि फरसाण पाउचमध्ये भरून द्यायचं. पाउच उघडणं, सील दाबणं, कापणं, पुढे ढकलणं, सगळं हवेच्या दाबाने पुढे-मागे होणाऱ्या सिलिंडरांनी होतं. हवा गेली की अख्खा गाळा गप्प. मेंटेनन्स माझ्याकडे, त्यामुळे मिटलेला विषय पुन्हा उकरायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

जुना कॉम्प्रेसर पंधरा हॉर्सपॉवरचा, पिस्टनवाला. त्याच्या पाटीवर ५९ सीएफएम लिहिलेलं, म्हणजे मिनिटाला ५९ घनफूट. पण तो आकडा पिस्टन किती जागा झाडतो त्याचा. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, ज्याला फ्री एअर डिलिव्हरी म्हणतात, ती नेहमी कमी भरते. मोजायची रीत सोपी आहे. टाकी रिकामी करायची, पुढचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि शून्यापासून ७ बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) काटा चढायला किती वेळ लागतो ते बघायचं. आमची टाकी ५०० लिटरची. ती ७ बारपर्यंत भरायची म्हणजे बाहेरची ३,५०० लिटर हवा आत कोंबायची. तीन मिनिटं लागली. हिशेब केला तर जेमतेम ४१ सीएफएम. हा कागद शेठसमोर ठेवला तेव्हा कुठे ते खुर्चीत नीट बसले.

मग नव्या जागेला हवा किती लागेल? विक्रेत्याला विचारलं की तो मशिनांची संख्या विचारतो आणि ठोक आकडा सांगतो. मी सिलिंडर मोजत बसले. ५० मिलिमीटर बोअर (आतला व्यास), १०० मिलिमीटर स्ट्रोक (दांड्याची धाव) असलेल्या सिलिंडरचं पोट सुमारे ०.२ लिटर. जाता-येता दोन्ही वेळा भरतो, आणि ६ बारला, वातावरणाचा एक धरून, ती हवा सातपट दाबलेली असते. म्हणजे एका फेरीला पावणेतीन लिटर. मिनिटाला ३० पाउच असतील तर एकटा सिलिंडर तीन सीएफएम खातो. असे सगळे जोडत गेले तर आठ मशिनांचे ६५ सीएफएमच्या आसपास झाले. आणि मग आल्या ब्लो गन. दोन मिलिमीटर तोंडाची साधी गन ६ बारला आठ-नऊ सीएफएम हवा सोडते, म्हणजे तीन सिलिंडरांची भाकरी एकटीच खाते. आमच्याकडे पावडर झाडायला, कन्व्हेयर पुसायला आणि खरं सांगायचं तर शिफ्ट संपताना कपड्यांवरची धूळ उडवायला या गन दिवसभर चालतात. शेवटचा प्रकार मी अनेकदा बंद केलाय. दाबाची हवा जखमेतून अंगात शिरू शकते, डोळ्याला तर हमखास इजा. पण पुरुष मंडळींना ते ‘फ्रेश होणं’ वाटतं.

सगळं धरून, थोडं लीकेज गृहीत धरून, गरज शंभरच्या अलीकडे आली. सात बारला एका हॉर्सपॉवरमागे साधारण चार सीएफएम मिळते. तेव्हा ३० हॉर्सपॉवरचा, १२५ सीएफएमचा स्क्रू कॉम्प्रेसर ठरला. त्याच्यात पिस्टन नसतो. दोन मळसूत्री रोटर एकमेकांत गुंतून फिरतात, त्यांच्यातल्या खाचांत अडकलेली हवा पुढे सरकताना जागा आक्रसत जाते आणि दाब वाढतो. आत तेलाची फवारणी चालू असते. ते तेल फटी बंद करतं, वंगण होतं आणि मुख्य म्हणजे उष्णता ओढून घेतं. पुढे सेपरेटरमध्ये तेल वेगळं होऊन परत येतं. पिस्टनला मध्येमध्ये दम खाऊ द्यावा लागतो, हा मात्र चोवीस तास चालला तरी कुरकुरत नाही. व्हीएफडीचं, म्हणजे मागणीप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं मॉडेल घ्या असा आग्रह झाला. हवेची मागणी सारखी वरखाली होत असेल तर ते पैसे वसूल होतात. आमच्या दोन्ही शिफ्ट सारख्याच भरलेल्या, म्हणून साधं लोड-अनलोडवालं घेतलं: दाब उतरला की लोड, म्हणजे हवा भरणं सुरू; दाब पुरा झाला की अनलोड, म्हणजे मोटर फिरते पण हवा भरत नाही. अनलोडवर चालतानाही मोटर पूर्ण लोडच्या पाव ते तिसरा हिस्सा वीज घेतच राहते, हे मात्र घेणाऱ्याने आधी विचारून घ्यावं. कोटेशनमध्ये ते बारीक अक्षरात असतं.

दाबावरून थोडी वादावादी झाली. सर्व्हिस इंजिनिअर सवयीने ८ बारला सेट करून द्यायला निघाला होता. आमच्या मशिनांची पुस्तकं ५.५ ते ६ बार मागतात. एक बार वाढवला की वीज सहा-सात टक्के वाढते. २२ किलोवॉटच्या मोटरला दोन शिफ्टमध्ये ती रोजची सुमारे २५ युनिटं होतात. आपल्याला लागणार नाही असा दाब तयार करून रेग्युलेटरवर पुन्हा उतरवायचा, हा उद्योग कशाला? ७ बारला अनलोड, ६ बारला लोड असं ठरवून घेतलं. मशिनच्या तोंडाशी ५.५ मिळाले पाहिजेत, मधल्या पाइप-फिल्टरने अर्ध्या बारहून जास्त खायचं नाही, ही माझी अट.

जागेचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. कॉम्प्रेसरला घातलेल्या विजेपैकी दहा-पंधरा टक्केच शेवटी कामाला येते, बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. त्या खोलीत दहा गिझर एकदम चालू ठेवल्यासारखं आहे ते. शेठनी दाखवलेली पत्र्याखालची कोंदट जागा मी नाकारली आणि मागच्या भिंतीलगत, गरम हवा डक्टने थेट बाहेर सोडता येईल अशी जागा घेतली. आत घेतली जाणारी हवा चार अंशांनी तापली तरी एक टक्का वीज जास्त लागते, आणि उन्हाळ्यात हाय टेम्परेचरवर मशिन ट्रिप होतं ते वेगळंच.

खरी डोकेदुखी पाण्याची. खाडीच्या काठावरचा आपला पावसाळा म्हणजे ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, सहज. अशा एक घनमीटर हवेत २६ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. १२५ सीएफएम म्हणजे तासाला २१२ घनमीटर हवा, आणि तिच्यासोबत साडेपाच लिटर पाणी. हवा दाबून थंड केली की ती एवढी वाफ धरू शकत नाही. ७ बारला, ४० अंशांपर्यंत थंड केल्यावर त्यातलं चार लिटर पाणी तिथेच गळतं. उरलेलं दीडेक लिटर पुढे लाइनमध्ये जाऊन थंड पाइपात साचतं. पूर्ण लोडवर एका शिफ्टचं गणित मांडलं तर वीस लिटरचे दोन जार भरूनही उरेल. वागळेत आमच्या व्हॉल्व्हमधून तपकिरी पाणी का यायचं, विजेवर उघडणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह दर पावसाळ्यात का चिकटायचे, आणि मिरचीपूड गनसमोर गोळे का धरायची, याचं उत्तर या एका हिशेबात होतं. तिथे हवा सुकवणारा ड्रायरच नव्हता. टाकीखालचा कॉक मेंटेनन्समधले काका सकाळी एकदा उघडायचे, तेवढंच.

म्हणून इथे क्रम असा ठेवला की कॉम्प्रेसरमागे टाकी, मग फिल्टर, मग रेफ्रिजरेटेड ड्रायर, मग बारीक फिल्टर. ड्रायर हवा ३ अंशांपर्यंत थंड करून जवळजवळ सगळी वाफ उतरवतो. बारीक फिल्टर तेलाचे थेंब धरतो. खाण्याच्या वस्तूजवळ हवा सुटते, तिथे यात काटकसर चालत नाही. टाकीला आणि ड्रायरला आपोआप उघडणारे ड्रेन लावले. त्यातून निघणारं पाणी तेलकट असतं, ते गटारात सोडायचं नाही, वेगळं साठवायचं.

पाइपसाठी एका कंत्राटदाराने पीव्हीसी सुचवलं. सरळ नाही म्हटलं. पाण्याचा पाइप फुटला तर चिरतो, दाबाच्या हवेखाली पीव्हीसी फुटलं की धारदार तुकडे उडतात. अॅल्युमिनियमची लाइन हलकी आणि आतून गुळगुळीत, पण दर ऐकून शेठनी हात जोडले. मुख्य लाइन तेवढी अॅल्युमिनियमची, गाळ्याभोवती पूर्ण रिंग, म्हणजे कुठल्याही मशिनला हवा दोन्हीकडून पोचते. खाली उतरणारे फाटे जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे. फाटा मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढून मग खाली वळवायचा, म्हणजे तळाचं पाणी मशिनकडे जात नाही. काकांना हा जास्तीचा वळसा पटेना. ‘ताई, वरून काढून खाली आणायचं तर खालूनच का नको?’ लाइनला शंभराला एक असा उतार दिला, टोकाला ड्रेन बसवला आणि पहिल्या दिवशी तिथून अर्धा ग्लास पाणी निघालं, तेव्हापासून ते स्वतःच इतरांना समजावतात. कपलर (नळी झटकन जोडायचे तुकडे) आणि व्हॉल्व्ह मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरून आणले, पण स्वस्तातले कपलर पुढे महागात पडले.

टाकीचे कागद मी पहिल्यापासून फाइलला लावून घेतले. ती प्रेशर व्हेसल असल्याने सक्षम व्यक्तीकडून तपासणी, हायड्रो टेस्ट, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गेज हे सगळं लागतं. टेस्ट हवेने न करता पाण्याने करतात, कारण पाणी दाबलं जात नाही. टाकी फाटली तरी स्फोट होत नाही.

कॉम्प्रेसर सुरू करताना आधी विजेच्या तीन फेजचा क्रम तपासला; तो चुकला की मोटर उलटी फिरते. स्क्रू काही सेकंद उलटा फिरला तरी रोटरची वाट लागते.

मग शुक्रवारी, साप्ताहिक सुट्टीला, सगळी मशिनं बंद, लाइन मात्र शेवटच्या व्हॉल्व्हपर्यंत उघडी ठेवून कॉम्प्रेसर चालू केला. कोणी हवा वापरत नसताना तो लोड होतोय म्हणजे तेवढी हवा गळतेय. १२ सेकंद लोड, १०८ सेकंद अनलोड. दोन मिनिटांतले १२ सेकंद, म्हणजे दहा टक्के. नव्याकोऱ्या लाइनवर साडेबारा सीएफएम वाया! साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन काका आणि मी फिरलो. जीआयच्या आट्या, एफआरएलचे (मशिनजवळच्या फिल्टर-रेग्युलेटर-वंगण जोडाचे) बाउल, आणि ते नागदेवीचे कपलर, बहुतेक सगळे फसफसत होते. कपलर बदलले, आट्या पुन्हा टेप लावून आवळल्या. नंतर ११ सेकंद लोड आणि साडेचार मिनिटं अनलोड; चार टक्क्यांच्या आत.

प्रत्येक फाट्याला बॉल व्हॉल्व्ह आहे, मशिन बंद करताना तोही बंद करायचा असा नियम लावलाय. सकाळची शिफ्ट पाळते, दुसऱ्या शिफ्टकडून अजून अपेक्षा आहेत. ब्लो गनना बारीक तोंडाचे, आजूबाजूची हवा सोबत ओढणारे नोझल बसवले, तर ‘ताई, जोर नाही येत’ अशी तक्रार आली आणि दोन गनांचे नोझल परस्पर काढलेले सापडले. त्या गनांच्या फाट्यावर मी रेग्युलेटर टाकून दाब २ बारवर आणलाय आणि त्याची चावी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कपडे झाडायला आता झाडू वापरतात.