एकाच विहिरीचे दोन आकडे

सकाळी ७ वाजता ९१०, दुपारी ४ वाजता २६४० मायक्रोसीमेन्स. विहीर तीच, मीटर तोच, आणि मधे प्रमाण द्रावणात बुडवून तपासलेला. पाणी-तपासणीच्या पत्रकात विद्युतवाहकतेला, म्हणजे पाण्यातल्या क्षारांच्या मापाला, रकाना मात्र एकच. लक्षद्वीपातल्या कवरत्तीची ही एप्रिलमधली विहीर अजून डोक्यातून जात नाही.

इथे नदी नाही, ओढा नाही. पाऊस प्रवाळाच्या वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, भिंगाच्या आकाराचा थर होऊन. समुद्राचं पाणी गोड्याच्या १.०२५ पट जड, एवढ्याशा फरकावर सगळं उभं आहे. समुद्रपातळीच्या वर १ सेंटीमीटर गोडं पाणी असेल तर खाली ४० सेंटीमीटर असतं. उपशाने पातळी ३ सेंटीमीटर उतरली, तर हिशेबाने खारं १.२ मीटर वर चढतं. प्रत्यक्षात ते इतक्या शिस्तीत चढत नाही. आधी पाणी मचूळ होतं.

चारच्या नमुन्यातले १० मिलिलिटर घेऊन शंभरापर्यंत पातळ केले, पोटॅशियम क्रोमेट टाकलं. पिवळ्याचा विटकरी व्हायला ०.०१४१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट १२.६ मिलिलिटर लागलं, म्हणजे क्लोराइड लिटरला ६३० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची स्वीकारार्ह मर्यादा २५०, दुसरा स्रोतच नसेल तर १०००. कागदावर विहीर पास! घरच्या उम्मांनी (आईंनी) मात्र दुपारचा चहा ओतून दिला होता.

कारण ९ मीटरवर सापडलं. शेजारी पाहुण्यांसाठी काढलेल्या खोल्या, अर्ध्या एचपीचा पंप, त्याचा फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाची झडप) तळाला टेकलेला. टाकी भरायला तो बारापासून साडेतीनपर्यंत सलग चालला होता. त्यात ओहोटी. लगूनमधलं, म्हणजे बेट आणि प्रवाळकड्याच्या मधलं उथळ पाणी उतरलं की विहिरीचंही उतरतं, फक्त काही तास उशिराने.

सोबतचे अभियंते म्हणाले, विहीर एक मीटर खोल घ्या. त्यांना काय बोलणार? काळ्या पाषाणात विहिरी पाडून केस पिकले त्यांचे. तिकडे खोल गेलं की पाणी लागतं, इथे खोल गेलं की समुद्र लागतो. आम्ही उलट केलं. शेजारचा फूट व्हॉल्व्ह वर उचलून पाण्याच्या पृष्ठभागाखाली जेमतेम २० सेंटीमीटरवर टांगला आणि सलग उपशाऐवजी दिवसात चार वेळा वीस-वीस मिनिटं ठरवून दिली. पातळी फार उतरली तर पंप हवा खेचून आपोआप पाणी ओढणं थांबवतो, हा दुसरा फायदा. खोल्यांच्या मालकाला तो अर्थातच तोटा वाटला.

खारटपणा निदान जिभेला कळतो. सेप्टिक टँक विहिरीपासून ६ मीटरवर होता, आणि तळाला गिलावा नसलेला टँक म्हणजे शोषखड्डाच. नियमाचं अंतर १५ मीटर. या वाड्यांत तेवढं मोजलं की आपण तिसऱ्याच्या अंगणात उभे. शिवाय टँक विहिरीच्या उताराला आहे असं म्हणायचीही सोय नाही, कारण वाळूतलं पाणी भरतीला आत सरकतं, ओहोटीला बाहेर. मैल्यातला उरलेला नायट्रेट लगूनमध्ये उतरून प्रवाळावरच्या शेवाळाला खत होतो.

जिवाणूंचा नमुना सकाळीच हायड्रोजन सल्फाइडच्या बाटलीत (मैल्यातले जिवाणू असले की ती काळी पडते) घेतला आणि नऊला ब्लीचिंग केलं. व्यास १.५ मीटर, पाणी ०.८ मीटर, म्हणजे सुमारे १४०० लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅमप्रमाणे ३.५ ग्रॅम पुरे. पण दमट हवेत उघडी राहिलेली पावडर निम्मी मेलेली असते, म्हणून ७ ग्रॅम. बादलीत कालवून दहा मिनिटं निवळू दिलं, वरची निवळी विहिरीत सोडून बादलीने हिसके देत मिसळली. खालचा चुना फेकायचा असतो. अनेक जण तोही ओततात आणि पाणी जड करून ठेवतात. तासाभराने मुक्त क्लोरिन लिटरला ०.५ मिलिग्रॅम आला. चारला तपासणीत रंगच उठला नाही, म्हणजे क्लोरिन उरलाच नव्हता. थोडा घाणीने खाल्ला असेल, बाकीचा पाण्याबरोबर वाळूत गेला. इतकी वर्षं विहिरीत पावडर टाकून रजिस्टरवर सही घेतोय आपण! क्लोरिन इथे हंड्यातच द्यायला हवा.

समुद्राच्या तापमानातल्या फरकावर गोडं पाणी करणारा संयंत्र कवरत्तीत २००५पासून आहे. सुरू झाला तेव्हा क्षमता रोज १ लाख लिटर. २०११च्या जनगणनेत लोक ११ हजारांवर. माणशी नऊ लिटर, पिण्या-रांधण्यापुरतं. आंघोळ, वुजू (नमाजाआधीचं हातपाय-तोंड धुणं), धुणं विहिरीवरच, आणि नळ उशिरा आला की पिणंही.

पत्रकात मी तिरकी रेघ मारून दोन्ही आकडे वेळेसकट लिहिले. ‘एकच मूल्य नोंदवावे’ असा शेरा घेऊन ते परत आलं.

पंधरा दिवसांनी, तशाच ओहोटीला, दुपारी ४ वाजता १६८०. हायड्रोजन सल्फाइडची बाटली मात्र दुसऱ्या सकाळी पुन्हा काळीच.